रजोनिवृत्ति आणि मनाचीं दोन टोंकें

स्त्रीच्या आयुष्यांत पाळी सुरू होण्याचा एक आणि ती थांबण्याचा एक, असे दोन उंबरठे आहेत. पहिल्याचें घरांत कौतुक होतें. दुसरा मात्र ती बहुधा एकटीच, कोणास न सांगतां ओलांडते. सुश्रुतसंहितेंत बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत रजःकाल सांगितला आहे. आजच्या पाहण्यांवरून भारतीय स्त्रीची पाळी सरासरीनें ४६ व्या वर्षाच्या सुमारास जाते. परंतु ती एका दिवसांत जात नाहीं. आधीं कांहीं वर्षें ती मागेंपुढें होते, अंगांतून वाफा निघतात, रात्रीं घामानें जाग येते आणि झोंप तुटते. या संधिकालांतून जाणाऱ्या ज्या स्त्रीस उन्माद आणि विषण्णता यांच्या फेऱ्यांचा आजार, म्हणजे आज ज्यास द्विध्रुवी विकार म्हणतात तो आजार, आधींच जडलेला असतो, तिच्यापुढें एक बिकट प्रश्न उभा राहतो : बाहेरून संप्रेरकें घ्यावींत कीं न घ्यावींत? हा प्रश्न नीट समजून घ्यावयाचा तर वैद्यकाच्या दोन निरनिराळ्या कथा एकत्र वाचल्या पाहिजेत.

पहिली कथा मनाची. उन्माद व विषण्णता हीं एकाच रोगाचीं आळीपाळीनें येणारीं रूपें आहेत, असें पॅरिसचे वैद्य फाल्रे यांनीं १८५४ सालीं मांडलें आणि त्यास ‘चक्राकार वेड’ असें नांव दिलें. पुढें १८९९ मध्यें जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनीं उन्माद-विषाद हा एक व्यापक विकार ठरविला. परंतु उतारवयांत येणारी विषण्णता त्यांनीं यांतून वेगळी काढली. ओसरत्या देहाचा तो एक स्वतंत्र रोग आहे, असें त्यांचें मत होतें. १९०७ सालीं ड्रायफुस यांनीं क्रेपेलिन यांच्याच जुन्या रोग्यांची मागील-पुढील हकीकत तपासली. त्यांपैकीं पुष्कळांस पूर्वींहि असे झटके येऊन गेले होते व पुष्कळ जण बरे झाले होते. क्रेपेलिन यांनीं हा निष्कर्ष मान्य करून आपलें मत बदललें. तरी ‘उतारवयाची विषण्णता’ हें नांव मात्र वैद्यकाच्या पुस्तकांतून हललें नाहीं. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचींतून तें गेलें तें १९८० सालीं. तोंवर अनेक पिढ्यांतील स्त्रियांस ‘हें वयाचेंच आहे’ एवढेंच उत्तर मिळालें. वय हें कारण एकदां ठरलें, कीं रोग्याचा पूर्वेतिहास कोण विचारतो?

दुसरी कथा देहाची. १९२९ सालीं अमेरिकेंत डॉयसी आणि जर्मनींत बूटेनांट यांनीं स्वतंत्रपणें गर्भवतींच्या मूत्रांतून स्त्रीसंप्रेरकाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. १९४२ सालीं गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलीं संप्रेरकें ‘प्रेमारिन’ या नांवानें अमेरिकेच्या बाजारांत आलीं. १९६६ मध्यें रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं आपल्या गाजलेल्या पुस्तकांत रजोनिवृत्ति हा एक अभावाचा रोग असून संप्रेरकांनीं स्त्री जन्मभर तरुण राहील, असा प्रचार केला. औषधाचा खप वाढला. मग १९७५ च्या अखेरीस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग या एकट्या इस्ट्रोजेनमुळें वाढतो, असें दाखविणारे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि ज्या स्त्रीचें गर्भाशय शाबूत आहे तिला जोडीला प्रोजेस्टोजेन देण्याची रीत पडली.

त्यानंतर २००२ सालीं अमेरिकेंतील एक प्रचंड चांचणी मध्येंच थांबविण्यांत आली. तींत १६,६०८ स्त्रिया होत्या. दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रोगी अधिक आढळले; उलट मांडीच्या हाडाचे मोड ५ नें व आंतड्यांचे कर्करोग ६ नें कमी झाले. जगभर घबराट झाली. परंतु त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, ही गोष्ट त्या गडबडींत मागें पडली. साठीच्या आंतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षें न झालेल्या आणि अन्य धोका नसलेल्या स्त्रीस वाफांच्या त्रासावर या औषधाचा लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक असतो, असें आज तज्ज्ञ मानतात. अतिरेकी स्तुति आणि अतिरेकी भय, दोन्हीं चुकीचीं ठरलीं.

आतां या दोन कथा आमच्या स्त्रीच्या घरीं एकत्र येतात. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांत जॉन केड यांनीं उन्मादावर लिथियमचा गुण दाखविला. तेव्हांपासून हजारों स्त्रिया या आजारासह संसार आणि नोकरी सांभाळीत पन्नाशीपर्यंत आल्या आहेत. परंतु त्यांस संप्रेरकें द्यावींत काय, याचें पुराव्यानिशीं उत्तर जवळजवळ कोणीच शोधलें नाहीं. २००१ सालीं ५० स्त्रियांवर झालेल्या एका चांचणींत संधिकालांतील विषण्णतेवर इस्ट्रोजेनच्या पट्टीचा स्पष्ट गुण दिसला. पण साध्या विषण्णतेवरून द्विध्रुवी विकाराचें अनुमान थेट काढतां येत नाहीं. २००८ सालच्या एका प्राथमिक अमेरिकन अभ्यासांत द्विध्रुवी विकार असलेल्या स्त्रियांस या काळांत विषण्णतेचे झटके अधिक येतात, असें आढळलें. ज्ञानाची ही वाट येथें अरुंद होते.

म्हणून कांहीं गोष्टी तिनें व तिच्या घरच्यांनीं लक्षांत ठेवाव्यात. या विकारांत झोंप मोडणें हें उन्मादाचें निमित्त होऊं शकतें. तेव्हां रात्रीच्या घामाकडे ‘होईल बरें’ म्हणून दुर्लक्ष करणें धोक्याचें आहे. वाफांवर कांहीं वेळां विषण्णतेचींच औषधें देतात. तीं या स्त्रियांत उन्माद चेतवूं शकतात. इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनचें रक्तांतील प्रमाण घटवूं शकतें. म्हणजे एक औषध घेतां घेतां दुसरें निष्प्रभ व्हावयाचें. उलट कार्बामाझेपिन संप्रेरकांचाच परिणाम कमी करतें. लिथियम घेणाऱ्या स्त्रीस फार घाम येऊन अंगांतील पाणी घटलें, तर रक्तांतील लिथियम वाढूं शकतें. लिथियममुळें थायरॉइड ग्रंथि मंद झाली, तर थकवा व उदासपणा येतो आणि तो रजोनिवृत्तीच्या खातीं टाकला जातो. मनोविकारावरील कांहीं औषधांनीं पाळीच थांबते. मग पाळी गेली कीं औषधानें अडली, हेंहि तपासावें लागतें. पोटांत घेण्याच्या गोळीपेक्षां त्वचेवरील पट्टीनें रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीस मात्र हीं संप्रेरकें सहसा देत नाहींत.

यांपैकीं एकहि गोष्ट ‘घ्या’ किंवा ‘घेऊं नका’ असें सरसकट सांगत नाहीं. तीं सर्व मिळून एवढेंच सांगतात कीं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनीं एकमेकांचे कागद पाहून हा निर्णय तिच्याबरोबर घ्यावा, आपल्या मनानें चालू औषध सोडूं नये, आणि नवें औषध सुरू केल्यावर कांहीं आठवडे झोंप व मनःस्थिति यांची रोज नोंद ठेवावी. आपल्याकडे बाई एका दवाखान्यांत पाळीचें सांगते व दुसऱ्यांत मनाचें. पहिल्यास दुसऱ्याचा पत्ता नसतो, आणि घरीं तर दोन्हींबद्दल मौन असतें. ड्रायफुस यांनीं १९०७ मध्यें केलें तें कांहीं अवघड काम नव्हतें. त्यांनीं रोग्याची पूर्वींची हकीकत मन लावून वाचली. शंभरांहून अधिक वर्षांनंतरहि या स्त्रीस प्रथम हवें आहे तें हेंच, कीं तिची सगळी हकीकत एका ठिकाणीं, एका वेळीं, कोणी तरी पूर्ण ऐकून घ्यावी.