तहान आणि सल्ला : मॅरेथॉनमधील पाण्याचा इतिहास

30 ऑगस्ट 1904 रोजी सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये 32 धावपटू धावू लागले. अंतिम रेषा गाठली ती केवळ 14 जणांनी. ऊन कडक होते, रस्ता धुळीचा होता आणि संपूर्ण मार्गावर पाणी मिळण्याची ठिकाणे अवघी दोन होती. ही टंचाई अपघाताने ओढवलेली नव्हती. पाण्यावाचून शरीर कितपत तग धरते हे आयोजनाचे प्रमुख जेम्स सलिव्हन यांना पाहायचे होते. धावताना पाणी पिणे हे त्या काळी कमकुवतपणाचे लक्षण समजले जाई, आणि ही समजूत पुढे अनेक दशके टिकली.

एप्रिल 2002 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये 28 वर्षांची एक धावपटू कोसळली आणि मरण पावली. कारण होते अतिरिक्त द्रवपान. रक्तातील सोडियम विरळ झाले होते आणि मेंदूला सूज आली होती. सुमारे शंभर वर्षांत सल्ला एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि दोन्ही टोकांना त्याची किंमत धावणाऱ्यांनीच मोजली.

या बदलाचा एक महत्त्वाचा टप्पा दक्षिण आफ्रिकेत सापडतो. तेथील सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांवर उष्णतेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास विंडहॅम आणि स्ट्रायडम हे शास्त्रज्ञ करत होते. त्यांनी 32 किलोमीटरच्या शर्यतींतील धावपटूंचे वजन आणि शरीराचे तापमान मोजले. ज्यांचे वजन अधिक घटले त्यांचे तापमानही अधिक होते. 1969 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अपुऱ्या पाण्याचा धोका हाच त्याचा विषय होता आणि तो शीर्षकातच मांडलेला होता.

परंतु या सहसंबंधाला दुसरेही स्पष्टीकरण होते. जो वेगाने धावतो, त्याच्या शरीरात दर मिनिटाला अधिक उष्णता निर्माण होते. त्याला घामही अधिक येतो. तापमान आणि घटलेले वजन ही दोन्ही वेगाचीच अपत्ये असू शकतात. एक दुसऱ्याचे कारण आहे, एवढे त्या मोजमापावरून सिद्ध होत नव्हते.

याच सुमारास, 1965 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले. ‘गेटोरेड’ या नावाने ते पुढे बाजारात आले आणि क्रीडापेयांचा मोठा उद्योग उभा राहिला. 1970 च्या दशकात अमेरिकेत हौशी धावण्याची लाट आली. 1996 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन या संस्थेने सल्ला दिला की घामावाटे गेलेले सर्व पाणी भरून काढावे, अथवा सोसवेल तितके जास्तीत जास्त प्यावे. प्रमाण ताशी 600 ते 1200 मिलिलिटर.

हा सल्ला कोणाला लागू पडतो, हे साध्या गणिताने तपासता येते. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे 1 किलोकॅलरी ऊर्जा लागते. वेग बदलला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे 60 किलोग्रॅमच्या व्यक्तीला 42 किलोमीटरसाठी सुमारे 2500 किलोकॅलरी लागतील, आणि त्यातील तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे 1900, उष्णतेच्या रूपात बाहेर टाकाव्या लागतील. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे 580 किलोकॅलरी वाहून नेते. सारी उष्णता घामानेच जाते असे मानले, तर सव्वातीन लिटर घाम पुरेसा होतो.

हा घाम सव्वादोन तासांत गाळणाऱ्या अव्वल धावपटूचा दर ताशी दीड लिटरच्या आसपास जातो. पाच तास धावणाऱ्या हौशी व्यक्तीचा दर मात्र ताशी 650 मिलिलिटर एवढाच राहतो. तिने आज्ञाधारकपणे ताशी 1200 मिलिलिटर प्यायले, तर पाच तासांत सहा लिटर पाणी आत जाते आणि पावणेतीन लिटर शिल्लक उरते. एरवी मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकले असते. पण दीर्घ श्रमाच्या ताणात मूत्र रोखणारे संप्रेरक स्रवत राहते. शरीरातील 36 लिटर पाण्यात हे जास्तीचे पाणी मिसळले आणि घामातून काही मीठ गेले, की सोडियमची पातळी लिटरमागे 140 मिलिमोलवरून 130 च्याही खाली उतरते. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. ज्याला सर्वांत कमी पाणी हवे, त्याच्याच हाती ते पिण्यासाठी सर्वांत जास्त वेळ असतो.

याचा इशारा आधीच मिळाला होता. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सुमारे 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत एक महिला धावपटू बेशुद्ध झाली. तिच्या रक्तात सोडियम अत्यंत कमी आढळले. टिमथी नोक्स आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अशा चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि अतिद्रवपान हे कारण सुचवले. तरीही 1996 चा सल्ला आला.

निर्णायक पुरावा बोस्टनच्याच त्या 2002 च्या शर्यतीतून मिळाला. 488 धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले गेले आणि निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. 13 टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी होते. तिघांमध्ये ते जीवघेण्या पातळीला पोहोचले होते. शर्यतीत वजन वाढणे आणि चार तासांहून अधिक वेळ लागणे ही धोक्याची प्रमुख चिन्हे ठरली. साध्या पाण्याऐवजी क्रीडापेय घेतल्याने संरक्षण मिळाले, असे आढळले नाही.

क्रीडापेयात मीठ असूनही असे का, याचे उत्तर भारतीय वाचकांना ओळखीच्या ओआरएसशी तुलना केल्यास मिळते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या मोजलेल्या द्रावणाने कॉलराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आजच्या प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरमागे 75 मिलिमोल सोडियम असते. क्रीडापेयांत ते बहुधा 20 च्या आसपास, तर रक्तात 140. म्हणजे रक्ताच्या तुलनेत क्रीडापेय बरेचसे पाणीच असते, आणि अति प्यायल्यास ओआरएसही रक्त विरळच करते. ऑक्टोबर 2025 मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. हौशी धावकांनीही या निर्णयामागचे कारण समजून घ्यावे असे आहे.

आज तज्ज्ञांचा सल्ला साधा आहे : तहान लागेल तेव्हा आणि तेवढेच प्यावे. सरावाच्या दीर्घ धावेआधी आणि नंतर वजन करावे. थोडी घट स्वाभाविक आहे. वाढ झाली असेल तर पाणी जास्त झाले. शर्यतीत डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसल्यास आणखी पाणी न पाजता वैद्यकीय पथकाला बोलवावे. उष्माघाताचा धोका यामुळे नाहीसा होत नाही. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, केवळ ओघळतो, आणि न सुकलेला घाम शरीर थंड करत नाही. तेथे उपाय म्हणजे वेग कमी करणे आणि दहा ते चौदा दिवस आधीपासून शरीराला त्या हवेची सवय लावणे. जादा पाणी तेथे उपयोगी पडत नाही.

या शतकभराच्या चुकांमागे मोजमापांचा अभाव नव्हता. मोजमाप झाले ते वेगवान धावपटूंचे, आणि सल्ला मिळाला तो सर्वांना. म्हणून कोणताही आरोग्यविषयक आकडा वाचताना एक प्रश्न आधी विचारावा : तो कोणाच्या शरीरावर मोजला गेला होता?