अमेरिकी नागरिकत्वाचा शपथविधी : स्वरूप, कागदपत्रे आणि भारतीयांनी घ्यावयाची दक्षता

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठीची मुलाखत आणि चाचणी उत्तीर्ण झाल्यानंतरही अर्जदार त्या देशाचा नागरिक झालेला नसतो. निष्ठेची शपथ घेतल्याच्या क्षणापासूनच त्याला नागरिकत्व प्राप्त होते. भारतीय अर्जदाराच्या बाबतीत त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यामुळे शपथविधी हा केवळ आनंदसोहळा नसून, कागदपत्रांची आणि प्रवासाची आखणी ज्याच्याभोवती करावी लागते असा कायदेशीर टप्पा आहे.

अमेरिकेच्या २०२३ च्या वित्तीय वर्षात सुमारे ८ लाख ७८ हजार व्यक्तींनी त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. त्यांत सुमारे ५९ हजार भारतीय होते. मेक्सिकोच्या खालोखाल भारताचा दुसरा क्रमांक होता.

सूचनापत्र आणि प्रश्नावली

अर्ज मंजूर झाल्यावर नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडून ‘एन-४४५’ या क्रमांकाचे सूचनापत्र येते. त्यात समारंभाचा दिनांक, वेळ आणि स्थळ नमूद असते. काही कार्यालयांत मुलाखतीच्या दिवशीच शपथ घेण्याची सोय असते. ठरलेल्या दिवशी येणे शक्य नसल्यास कारणासह सूचनापत्र परत पाठवून नवा दिनांक मागता येतो. मात्र एकाहून अधिक वेळा न कळवता गैरहजर राहिल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो.

सूचनापत्रासोबत एक प्रश्नावली असते. मुलाखतीनंतर परदेश प्रवास झाला का, विवाह किंवा घटस्फोट झाला का, अटक अथवा कोणताही गुन्हा घडला का, अशी माहिती तीत विचारलेली असते. ती समारंभाच्या दिवशीच भरावयाची असते, कारण उत्तरे त्या दिवसापर्यंतची असणे अपेक्षित आहे.

समारंभाचे दोन प्रकार

शपथविधी दोन प्रकारचे असतात. प्रशासकीय समारंभात विभागाचे अधिकारी शपथ देतात, तर न्यायालयीन समारंभात न्यायाधीश. नाव बदलण्याची विनंती अर्जात केली असल्यास न्यायालयीन समारंभ आवश्यक ठरतो, कारण नावबदलाचा आदेश न्यायालय देते. न्यायालयाच्या इमारतीत मोबाइल किंवा कॅमेरा नेण्यावर निर्बंध असू शकतात. कुटुंबीयांना सहसा उपस्थित राहता येते. त्यांची संख्या स्थळानुसार ठरते. पोशाख प्रसंगाला साजेसा असावा. जीन्स, अर्धी चड्डी आणि साध्या चपला टाळण्याची सूचना असते. पारंपरिक पोशाखास आडकाठी नसते.

ग्रीन कार्ड परत, मग शपथ

सुरक्षा तपासणीनंतर नोंदणी होते. प्रश्नावली तपासली जाते आणि स्थायी निवासाचे ग्रीन कार्ड जमा करून घेतले जाते. ते पुन्हा मिळत नाही. कार्ड हरवले असल्यास त्याचा पुरावा द्यावा लागतो.

मुख्य कार्यक्रम बहुधा लहान असतो. नोंदणी आणि प्रमाणपत्र वाटपातच अधिक वेळ जातो. राष्ट्रगीत, स्वागताचे भाषण आणि ध्वनिचित्रफीत असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. अनेक ठिकाणी उपस्थितांच्या मूळ देशांची नावे पुकारली जातात आणि त्या त्या देशाचे लोक उभे राहतात. त्यानंतर सर्व जण उजवा हात उंचावून शपथेची वाक्ये अधिकाऱ्याच्या मागोमाग उच्चारतात.

पूर्वीच्या देशाशी असलेल्या निष्ठेचा त्याग, अमेरिकी राज्यघटनेचे व कायद्यांचे रक्षण आणि कायद्याने आवश्यक ठरल्यास देशासाठी शस्त्र हाती घेणे किंवा अन्य सेवा बजावणे, ही शपथेतील प्रमुख वचने होत. धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्र धारण करणे अमान्य असल्यास तो भाग वगळण्याची विनंती आधी करता येते. ईश्वराचा उल्लेखही वगळता येतो.

प्रमाणपत्र तेथेच तपासावे

शपथेनंतर देशीयकरणाचे, म्हणजेच परकीय व्यक्तीस नागरिकत्व बहाल केल्याचे, प्रमाणपत्र दिले जाते. त्यातील नाव, जन्मदिनांक आणि इतर तपशील सभागृह सोडण्यापूर्वी तपासून घेणे हिताचे असते. मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्यभागी असते. ते प्रमाणपत्रात कसे आले आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुढील सर्व कागदपत्रे याच नोंदीवर आधारलेली असतात. नंतर दुरुस्ती करायची झाल्यास स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

मतदार नोंदणीचे अर्ज अनेकदा समारंभस्थळीच उपलब्ध असतात. सामाजिक सुरक्षा कार्यालयातील नोंदही अद्ययावत करून घ्यावी लागते. पालकासोबत राहणारी, त्याच्या ताब्यात असलेली आणि ग्रीन कार्ड असलेली १८ वर्षांखालील मुले कायद्याने आपोआप नागरिक होतात. त्यांना शपथ घ्यावी लागत नाही.

मधला काळ

समारंभानंतरचे काही आठवडे सर्वांत अडचणीचे ठरू शकतात. ग्रीन कार्ड जमा झालेले असते, भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही आणि अमेरिकी पासपोर्ट हाती आलेला नसतो. त्याच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र जोडावे लागते. या काळात परदेश प्रवास करता येत नाही. भारतात वृद्ध किंवा आजारी पालक असलेल्यांनी ही बाब आधीच लक्षात घ्यावी आणि समारंभाला लागून प्रवासाची तिकिटे काढू नयेत. तातडीच्या प्रवासासाठी पासपोर्ट लवकर देण्याची व्यवस्था अमेरिकेत आहे. मात्र त्यानंतरही भारतात येण्यासाठी व्हिसा लागतोच.

भारतीय कायदा काय सांगतो

शपथेत पूर्वीच्या निष्ठेचा त्याग असला, तरी अमेरिका जुना पासपोर्ट मागून घेत नाही. दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नाही ती भारतीय कायद्यात. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट भारतीय दूतावासाकडे सुपूर्द करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुन्या पासपोर्टवर प्रवास करणे पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार गुन्हा ठरतो.

हे प्रमाणपत्र मिळाल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिक, अर्थात ओसीआय, या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तिच्या आधारे भारतात आजीवन व्हिसाविना येता येते. नावात नागरिक हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि घटनात्मक पदे भूषवता येत नाहीत. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र जमीन मिळू शकते. गावाकडे वडिलोपार्जित शेती असलेल्या कुटुंबांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

पूर्वपीठिका

भारतीयांना हे नागरिकत्व सहज मिळालेले नाही. मूळचे मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये न्यायालयाने कायम केले. परंतु १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना वंशाच्या आधारावर अपात्र ठरवले. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा बजावली होती. या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. १९४६ च्या कायद्याने हा मार्ग भारतीयांसाठी पुन्हा खुला झाला.