१९९३ च्या दोन पहाटा

वाराणसीच्या घाटांवरून वाहणारी गंगा कानपूर आणि प्रयागराज ओलांडून येते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहीपूर्वी, बुलंदशहर जिल्ह्यात, ती नरोरा नावाच्या एका लहान नगराजवळून जाते, याची आठवण फार जणांना नसते. तेथे गंगेवर बंधारा आहे, बंधाऱ्यातून निघणारा कालवा आहे आणि काठावर प्रत्येकी २२० मेगावॅट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्यांचे वीजकेंद्र आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास या केंद्रातील पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली.

त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, अशाच एका पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पहिल्या घटनेत एकही माणूस दगावला नाही. दुसऱ्या घटनेत हजारो दगावले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मात्र जपानमध्ये २०११ साली भूकंप आणि अणुदुर्घटना एकाच दुपारी घडल्या, तेव्हा भारताला १९९३ सालीच या दोन्हींची चाहूल वेगवेगळी मिळून गेली होती, हे ध्यानात आले.

नरोरा येथील घटनाक्रम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावा असा आहे. पाती तुटताच वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनचा तोल गेला. त्या प्रचंड कंपनांनी जनित्राची बंदिस्ती फुटली आणि जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर येऊन पेटला. त्याला वंगणाच्या तेलाची जोड मिळाली आणि आग केबलींपर्यंत पोहोचली. अणुकेंद्राला वीजपुरवठ्याची एकच वाट कधी नसते. बाहेरचे जाळे बंद पडले तर डिझेल जनित्रे, ती बंद पडली तर बॅटरी, अशी एकामागे एक तजवीज असते. नरोऱ्यातही ती होती. पण कागदावर स्वतंत्र असलेल्या या व्यवस्थांच्या केबली प्रत्यक्षात एकमेकींच्या शेजारून गेल्या होत्या आणि मध्ये आग अडवणारा पुरेसा आडोसा नव्हता. काही मिनिटांतच सारे केंद्र अंधारात बुडाले, आणि ती स्थिती सुमारे १७ तास टिकली.

कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी पहिल्या मिनिटाच्या आतच बंद केली होती. पण अणुभट्टी बंद झाली म्हणजे थंड झाली, असे होत नाही. विखंडन थांबल्यावरही इंधनात साठलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो आणि त्यातून सुरुवातीला मूळ औष्णिक शक्तीच्या सहा ते सात टक्के उष्णता निघत राहते. ती तासागणिक घटते, पण वाहून नेली नाही तर इंधन वितळवण्यास पुरेशी ठरते. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला. अशा स्थितीत काही कर्मचारी बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि झडपा हाताने उघडून त्यांनी बोरॉनयुक्त द्रावण अणुभट्टीत सोडले. हे द्रावण गुरुत्वाकर्षणाने खाली येते. त्याला पंप लागत नाही. विखंडन पुन्हा सुरू होऊ नये, याची ती खात्री होती. इतरांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलवर चालणारे पंप सुरू करून त्यांचे पाणी बाष्पजनित्रांकडे वळवले. अणुभट्टीतील जड पाणी पंपाशिवाय, केवळ उष्ण आणि थंड द्रवाच्या घनतेतील फरकामुळे फिरत राहिले आणि उष्णता बाहेर पडत गेली. केंद्राबाहेर किरणोत्साराचा परिणाम झाला नाही. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली. पुढे इतर केंद्रांतील टर्बाइनच्या पात्यांची तपासणी झाली, केबली वेगळ्या करण्यात आल्या, आगरोधक आडोसे उभारले गेले. देशाच्या स्मरणातून मात्र ही घटना लवकरच निघून गेली. जेथे शोक करण्याजोगे काही घडत नाही तेथे स्मारक उभे राहत नाही, आणि सुटका कशी झाली याचा अभ्यास तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहतो.

किल्लारीचे दुःख अशा प्रकारे दडून राहणारे नव्हते.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे उशिरा निजली होती. त्याआधीच्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, याच भागाने शंभराहून अधिक लहान धक्के अनुभवले होते. काही काळ लोक घराबाहेर झोपले. धक्के ओसरले तसे पुन्हा घरात गेले. त्यांना दोष देता येत नाही. त्या वेळच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचे पठार हा भारतीय भूपट्टाचा जुना, स्थिर अंतर्भाग आहे, भूकंप हिमालयात होतात, ही समजूत पाठ्यपुस्तकांतही होती. २६ वर्षांपूर्वी कोयनेला हादरा बसला होता. पण त्याचे खापर जलाशयाच्या पाण्यावर फोडता आले होते.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात या आकाराचे भूकंप दरवर्षी होतात आणि पुष्कळदा वृत्तपत्रात दोन ओळीही मिळवत नाहीत. येथे मृतांची संख्या शासकीय नोंदींनुसार ७,९०० हून अधिक होती. काही नोंदी ती साडेनऊ हजारांच्या पुढे नेतात. एवढ्या जीवितहानीचे एक कारण भूकंपनाभीची अल्प खोली, दुसरे कारण घरे. मराठवाड्यातील माळवदाचे घर हे उन्हाशी झुंजण्यासाठी घडलेले घर आहे. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चुना किंवा सिमेंट नव्हे तर माती, वर तुळया आणि फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी आणखी माती चढे. म्हणजे घर जितके जुने आणि जितके काळजीने राखलेले, तितके त्याचे छत जड. हादऱ्यात भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटली आणि गोल दगड घरंगळले. अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनीच माणसे मारली. कुडाच्या झोपडीत राहणारे गरीब त्या पहाटे अधिक सुरक्षित होते. वाडे कोसळले.

मदतकार्याचे पहिले दिवस कठीण होते. गल्ल्या अरुंद, त्या दगडमातीने भरलेल्या, आणि वर पाऊस. सैन्य आले, स्वयंसेवी संस्था आल्या, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे आणि औषधे आली. पडक्या घरांच्याच तुळया आणि वासे सरणासाठी वापरले गेले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. जे मागे राहिले ते पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. ज्या प्रदेशाने उन्हापासून बचावासाठी मातीचे जाड छत शोधले होते, त्याच प्रदेशातील माणसांना पत्र्याखाली उन्हाळे काढावे लागले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेला पुनर्वसन कार्यक्रम त्या काळच्या मानाने फार मोठा होता. ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली. घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून अधिक जमिनीच्या मालकांना ७५०. भूकंपाने काही क्षण पुसलेली जुनी विषमता नव्या आराखड्यात चौरस फुटांत मोजून परत आली, असे म्हणण्यास जागा आहे. सरळ रेषांत आखलेल्या रुंद रस्त्यांनी सुरक्षितता दिली. पण गल्ली, ओटा, समोरासमोरची दारे गेली आणि शेते लांब पडली. तरीही याच कार्यक्रमात गवंडीकाम, दुरुस्ती आणि घरांच्या बळकटीकरणाविषयी गावोगावी बोलणाऱ्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांचे जाळे विणले. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा यांपैकी काही स्त्रिया कच्छमध्ये गेल्या आणि नुकतेच घर गमावलेल्या स्त्रियांशी बोलू लागल्या. पुनर्वसनाच्या साऱ्या अहवालांत याहून मोलाची नोंद क्वचितच सापडेल.

शास्त्रज्ञांनीही किल्लारीत खोदून पाहिले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. त्यात ३३८ मीटर जाडीचा बेसाल्ट, त्याखाली गाळाचा ८ मीटरचा थर आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक आढळला. लाव्हाच्या चादरीखाली जुने भ्रंश झाकलेले असू शकतात आणि झाकलेले म्हणजे मृत नव्हे, हे मान्य झाले. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच उरला नाही. ‘जवळजवळ धोका नाही’ असे सांगणारा रंग देशाच्या नकाशावरून काढून टाकण्यात आला.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीच्या तुलनेत त्यात दहा हजार पटींहून अधिक ऊर्जा मुक्त झाली. तरीही घरे कोसळून मेलेले थोडे होते. बहुतेक बळी पाण्याने घेतले. त्सुनामीने फुकुशिमा दाइइची केंद्रातील डिझेल जनित्रे आणि वीजवाटपाची दालने बुडवली आणि नरोऱ्यात १७ तास टिकलेला तो अंधार येथे अनेक दिवस टिकला. फुकुशिमाची जागा मुळात सुमारे ३५ मीटर उंचीच्या कड्यावर होती. पाया खडकात जावा आणि समुद्राचे पाणी खेचणे स्वस्त पडावे म्हणून ती १० मीटरपर्यंत उतरवण्यात आली होती. त्याउलट भूकंपकेंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र समुद्रसपाटीपासून १४.८ मीटरवर बांधले गेले. तोहोकू वीज कंपनीतील ज्येष्ठ अभियंते यानोसुके हिराई यांनी इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीचा दाखला देऊन ही उंची लावून धरली होती. एक हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासग्रंथातील नोंद आणि किनाऱ्यावरील दंतकथा त्यांनी अभियांत्रिकीचा पुरावा मानला. ओनागावा गाव वाहून गेले, काँक्रीटच्या इमारती पायासकट उलथल्या. केंद्र मात्र सुरक्षितपणे थंड झाले, आणि गावातील ३०० हून अधिक बेघर लोक सुमारे तीन महिने त्याच केंद्राच्या व्यायामशाळेत राहिले.

फुकुशिमात चित्र नेमके उलटे होते. सुमारे दीड लाखांहून अधिक लोक घर सोडून गेले. रुग्णालयांतील आणि वृद्धाश्रमांतील माणसे तासन्‌तास बसमधून हलवली गेली आणि त्यांतील कित्येक त्या प्रवासात किंवा त्यानंतर दगावली. किरणोत्साराच्या भीतीने मालमोटारी मिनामिसोमा शहरात जाईनाशा झाल्या, तेव्हा तेथील महापौरांनी इंटरनेटवरून चित्रफीत प्रसारित करून अन्न आणि इंधन मागितले. स्थलांतर, उपचारांतील खंड आणि एकाकीपण यांमुळे झालेल्या, आपत्तीशी निगडित मृत्यूंची फुकुशिमा प्रांतातील संख्या पुढे २,३०० वर गेली. त्या प्रांतात त्सुनामीने थेट घेतलेल्या बळींपेक्षा ती अधिक आहे.

भारताने जपानला घोंगड्या, पाणी आणि बिस्किटे पाठवली. मार्चअखेरीस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ४६ जणांची तुकडीही पाठवली. तिला काम मिळाले ते ओनागावा गावातच. चिखल, बर्फ आणि मोडक्या बोटींच्या ढिगाऱ्यांत मृतदेह शोधण्याचे ते काम होते. या दलाची परदेशातील ती पहिली मोहीम. किल्लारीच्या वेळी असे दलच अस्तित्वात नव्हते. १९९९ चे ओडिशाचे चक्रीवादळ, भूज आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर २००५ चा कायदा झाला आणि २००६ मध्ये ते उभे राहिले. पुढे त्याच्या बटालियन वाढल्या. त्यांतील ११ व्या बटालियनचे मुख्यालय वाराणसीत आहे. पुराच्या दिवसांत तिचे जवान बोटी घेऊन गंगेत असतात. ढिगारा उपसणे, किरणोत्सार मोजणे आणि दूषित क्षेत्रातून माणसे बाहेर काढणे हेही त्यांच्या प्रशिक्षणाचे विषय आहेत.