संत्रे (वऱ्हाडी) : निवड, साठवण आणि खाणे

लिंबू कुळातील सैल सालीचे फळ. शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. बाजारात आणि २०१४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात नाव नागपूरचे असले, तरी या संत्र्याचा फार मोठा हिस्सा पिकतो तो अमरावती जिल्ह्यात. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याने बागा पसरल्या आहेत; अकोला जिल्ह्यात त्या अकोट-तेल्हाऱ्याकडे आहेत. पहिली झाडे नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली, असे सांगितले जाते. आजची बाग मात्र कलमांची असते. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात आणि त्यासाठी वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांचे नाव दूरवर आहे.

बहार : संत्रे विकत घेणाऱ्याने भावाच्याही आधी बहार विचारावा. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण दिला की जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. हा अंबिया बहार, त्याची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत उतरतात. उन्हाळ्यात ताण देऊन जून-जुलैत पावसावर फुलवला जातो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. अंबियाचे फळ रसाळ पण आंबूस, मृगाचे गोड आणि टिकाऊ. मे महिन्यात अवकाळी पाऊस पडला की ताण मोडतो, मृगाची फूट विस्कटते आणि पुढच्या मार्चमध्ये हातगाड्यांवर संत्री कमी दिसतात. अंबिया भरवशाचा, म्हणून बागायतदार त्याकडे झुकतो. खाणाऱ्याने मात्र मृगाची वाट पाहावी.

निवड : रंगावर जाऊ नये. सालीवर केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात. ऑक्टोबरात रात्री उबदार असतात, त्यामुळे आतून तयार झालेले अंबियाचे फळही बाहेरून हिरवट राहते. उलट इथिलीन वायूत ठेवून कच्च्या फळाची साल पिवळी-केशरी करता येते. त्याने साल बदलते, रस बदलत नाही. आंबा अढीत पिकतो तसे संत्रे पिकत नाही. झाडावरून उतरले तेव्हा जेवढे गोड होते, त्याहून ते गोड होणार नाही. म्हणून ‘दोन दिवस ठेवा, गोड होतील’ हे गाडीवाल्याचे आश्वासन आंब्यापुरतेच खरे मानावे.

पाहायचे ते वजन. सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घेतली की जड कोणते ते लगेच कळते. जड त्यात रस. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळाची साल फोडींपासून सुटते, मध्ये पोकळी धरते. असे पोले फळ मोठे आणि देखणे दिसते, पण आत फोडी कोरड्या पडलेल्या असतात. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असल्याने थोडे दबणे हा दोष नव्हे. अंगठ्याखाली साल खोल गेली तर ते ठेवून द्यावे. देठाजवळची छोटी मान हे या जातीचे लक्षण. देठ कात्रीने कापलेला, हिरवी टिकली शाबूत असलेला हवा. ओढून तोडलेल्या फळाची साल तिथे फाटते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी : टाचणीने टोचल्यासारखे भोक आणि भोवती तपकिरी कडे. पावसाळा सरताना रसशोषक पतंग रात्री बागेत शिरून पिकू लागलेल्या फळांत सोंड खुपसतात. आतला रस आंबतो, फळ गळते. शेतकरी यासाठी संध्याकाळी बागेत धूर करतात. गळलेले फळ चांगल्या मालात मिसळून येते, ते या भोकावरून ओळखावे.

हिवाळ्यात शेजारीच पंजाबचा किन्नो रचलेला असतो. तो कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर. रंग गडद, साल चिकटून बसलेली, बिया भरपूर. रसासाठी तो चांगला, पण सोलून खायला संत्रेच.

लहान फळांना व्यापारात चुरी म्हणतात. बागेचा सौदा करताना व्यापारी चुरी बाजूला काढतो आणि ती पडत्या भावात जाते. चवीत ती कमी असतेच असे नाही. घरी रस काढायचा असेल तर स्वस्त चुरी घेण्यात शहाणपण आहे. बांगलादेश हे या संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक. तिथे आयातशुल्क २०१९ पासून वाढत गेले. निर्यात अडली की मोठा मालही इथल्याच बाजारात उतरतो. गिऱ्हाइकाची चंगळ होते आणि बागायतदार मरतो.

साठवण : हिवाळ्यात घरात पसरून ठेवलेली संत्री आठवडाभर चांगली राहतात. ढीग करू नये. हिरवी-निळी बुरशी धरलेले एक फळ शेजारची चार नासवते, म्हणून रोज हात फिरवून नासके वेचून काढावे. धुणे खाण्याच्या वेळी. शीतगृहात ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत संत्री महिनाभर टिकतात. त्याहून जास्त थंडीत सालीवर तपकिरी खड्डे पडतात. घरच्या फ्रिजमध्ये ती भाजीच्या खणात, भोके पाडलेल्या पिशवीत ठेवावीत. बंद पिशवीत पाणी सुटते आणि बुरशीला आयते घर मिळते. मृगाची फळे येतात तेव्हा अकोल्याचे ऊन चढू लागलेले असते. त्या कोरड्या हवेत टोपलीवर ओले गोणपाट टाकले की पाणी उडताना आतली हवा गार होते. विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्षही याच तत्त्वावर चालतो.

खाणे : फळात साधारण १० ते ११ फोडी असतात. १०० ग्रॅम गरात २५ ते ३० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असते. फोडीवरचे पांढरे धागे सोलून काढणारे लोक तंतुमय भाग फुकट घालवतात. अंबियाच्या आंबट फोडीला चिमूटभर मीठ लावले की धाग्यांचे काही वाटत नाही. रस काढायचा तर आधी बिया काढाव्यात आणि मिक्सर जेमतेम फिरवावा. बिया आणि पडदे चिरडले की लिमोनिन रसात उतरते. ताजा असताना गोड लागलेला रस तासा-दोन तासांत कडवट होऊ लागतो तो त्यामुळे. संत्र्याच्या रसाचा कारखाना चालवणाऱ्यांचीही हीच जुनी डोकेदुखी. नागपूरकडे गराची बर्फी करतात आणि प्रवासातून येणारा माणूस तिचा डबा आणतोच. साल वाळवून उटण्यात घालतात. वाळवायची तर सावलीत. उन्हात तिचे सुगंधी तेल उडून जाते.