फ्रेमदरांची सरमिसळ, हलत्या मेनूच्या डीव्हीडीतील

वेगवेगळ्या फ्रेमदरांनी टिपलेली चित्रणे एकाच डीव्हीडीत, विशेषतः तिच्या हलत्या मेनूत, एकत्र आणताना येणारी अडचण आणि ती सोडवण्याच्या पद्धती. एका सेकंदात जितकी स्थिर चित्रे पडद्यावर येतात तो फ्रेमदर. चित्रपट २४ फ्रेमचा, भारतातील दूरचित्रवाणी पाल पद्धतीमुळे २५ ची, अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धत २९.९७ ची, तर मोबाइलचे चित्रण बहुधा ३० चे असते. हलत्या मेनूत बटणांमागे आणि प्रकरणांच्या छोट्या चौकटींत व्हिडिओ फिरत राहतो.

डीव्हीडी १९९६ साली जपानच्या बाजारात आली होती. आपल्याकडे वाशिम जिल्ह्यात मात्र त्या काळात लग्नाची कॅसेट मागे पडून व्हीसीडी घराघरांत शिरत होती आणि डीव्हीडी त्यानंतर रुळली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्यातले लग्न घ्या. पाल पद्धतीच्या कॅमेऱ्याने शूटिंग, स्टुडिओत मिक्सिंग आणि शेवटी कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो छापलेली डीव्हीडी हाच क्रम होता. डीव्हीडीलाही लोक ‘लग्नाची सीडी’च म्हणत. कॅमेरा एकाच जातीचा होता तोवर फ्रेमदराचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुढे ड्रोन आले, पाहुण्यांचे मोबाइल आले, मेनूसाठी तयार पार्श्वभूमी विकत मिळू लागल्या, आणि एकाच टाइमलाइनवर २४, २५, ३० व ६० फ्रेमच्या क्लिप शेजारी शेजारी येऊन बसल्या.

डीव्हीडीचा दंडक कडक आहे. एका डिस्कवर पाल किंवा एनटीएससी यांपैकी एकच पद्धत असावी लागते. पालमध्ये चित्र ७२० बाय ५७६ चे व दर २५, एनटीएससीत ७२० बाय ४८० व २९.९७. मेनूला यातून सूट नाही, कारण मेनूची पार्श्वभूमीही मुख्य कार्यक्रमासारखीच एमपेग-२ व्हिडिओ असते; बटणाभोवतीची चमकती चौकट तेवढी वेगळ्या, चार रंगांच्या थरातून वर येते. डीव्हीडी बनवणारे सॉफ्टवेअर वेगळ्या दराची क्लिप मुकाट्याने स्वीकारते आणि रेंडर करताना स्वतःच्या पद्धतीने बदलते. बिघाड तिथेच होतो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रकल्प उघडताच एनटीएससी निवडलेले असते, म्हणून पहिली खातरजमा त्याचीच करावी.

एक मेनू नजरेसमोर आणू. डावीकडे हळद, मंगलाष्टके, सप्तपदी, पंगत आणि पाठवणी अशा पाच चौकटी आणि मागे ड्रोनने टिपलेला मांडव. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता उडतात, हा क्षण मोबाइलवर ३० फ्रेमने टिपलेला आहे. तो २५ मध्ये बसवताना सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममागे एक फ्रेम टाकून देते, म्हणजे सेकंदाला पाच ठिकाणी हालचाल तुटते. संथ सरकणाऱ्या मांडवाच्या दृश्यात हे हिसके स्पष्ट दिसतात. फ्रेम टाकण्याऐवजी शेजारच्या दोन फ्रेम मिसळण्याचा पर्याय निवडला तर हिसका जातो, पण प्रत्येक अक्षता दुहेरी दिसते आणि नवरीच्या हाताला पुसट सावली चिकटते. मधल्या फ्रेम गणिताने नव्या रचण्याची पद्धत अधिक चांगली. तरी गर्दी, झिरमिळ्या आणि उडते तांदूळ तिला नीट झेपत नाहीत, कडा वितळल्यासारख्या दिसतात.

मेनूसाठी याहून साधा आणि निर्दोष उपाय आहे: फ्रेम एकही टाकू नये आणि नवी रचूही नये, क्लिपचा वेग बदलावा. ३० फ्रेमच्या दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये ३०० फ्रेम असतात. त्याच २५ च्या दराने दाखवल्या की ती बारा सेकंद चालते. ६० ची क्लिप असेल तर दहाचे चोवीस सेकंद होतात आणि अक्षता सुरेख संथ गतीने खाली येतात. २४ ची असेल तर ९.६ सेकंद, हा फरक डोळ्याला जाणवतही नाही. अडोबी प्रीमियरमध्ये हे काम ‘इंटरप्रेट फुटेज’ने होते. मुख्य कार्यक्रमात हा उपाय सर्रास चालत नाही, कारण तिथे बोलणारे ओठ आणि आवाज जुळावे लागतात. मेनूत मूळ आवाज नसतो, वर सनईचे किंवा दुसरे संगीत असते, म्हणून वेग बदलण्याची पूर्ण मोकळीक मिळते. ही मोकळीक न वापरता मेनू हिसके देत ठेवणे म्हणजे लग्नघराच्या हाती अर्धवट काम देणे होय. मोबाइलची क्लिप असल्यास आधी एक काळजी घ्यावी लागते: तिचा दर अनेकदा बदलता असतो, म्हणून हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून तो स्थिर करून घ्यावा, मगच वेग बदलावा.

मेनू किती लांबीचा असावा यालाही गणित आहे. पालची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची आणि डॉल्बी डिजिटल आवाजाचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा असतो. चार फ्रेम आणि पाच तुकडे मिळून दोन्हीकडे १६० मिलिसेकंद भरतात. मेनूची लांबी चार फ्रेमच्या पटीत ठेवली तर चित्र आणि आवाज एकाच क्षणी संपतात. १५ सेकंदांत ३७५ फ्रेम होतात आणि आवाजाचा शेवटचा तुकडा अर्धवट राहतो. १९.२ सेकंदांत ४८० फ्रेम व आवाजाचे बरोबर ६०० तुकडे बसतात; शिवाय एमपेग-२ मध्ये फ्रेम गटागटाने साठवल्या जातात, त्यांचे बारा फ्रेमचे ४० पूर्ण गटही पडतात. पुन्हा सुरुवातीला जाताना प्लेअरची लेझर सरकते आणि क्षणभर चित्र थांबते, ते टाळता येत नाही. पण पहिली व शेवटची फ्रेम सारखी ठेवली आणि संगीत हळूहळू विरू दिले तर तो थांबा खटकत नाही.

फ्रेमदराइतकाच त्रास फील्डच्या, म्हणजे आंतररेषित फ्रेममधील एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांच्या, क्रमाचा होतो. जुन्या मिनीडीव्ही टेपचे चित्रण खालच्या फील्डपासून सुरू होते, तर एचडीव्ही व एव्हीसीएचडीचे वरच्या. क्रम उलटा पडला की हालचाल पुढे-मागे थरथरते, आणि आंतररेषित क्लिप डिइंटरलेस न करता छोट्या चौकटीत बसवली तर कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. संगणकाच्या पडद्यावर हे दोष लपू शकतात. म्हणून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर एक प्रत काढून ती साध्या प्लेअरवर, टीव्हीला जोडून पाहावी.

मुळात घोळ टाळायचा तर शूटिंगच २५ किंवा ५० ने करावे. वाशिमच्या मांडवातली वीज ५० हर्ट्झची आहे. साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवले की चित्र लुकलुकते, आणि तो दोष मेनू बनवताना सहजी काढता येत नाही. शटर १/५० किंवा १/१०० असावे. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल प्रकार दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ ची सोय मिळते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी वेगळी एनटीएससी प्रत करणे इष्ट. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात. तिकडचे अनेक जुने प्लेअर पाल डिस्क नाकारतात. अशा प्रतीसाठी २५ चे चित्रण २३.९७६ पर्यंत मंद करून मग २९.९७ मध्ये मांडता येते. आवाजाची पट्टी मात्र सुधारून घ्यावी लागते, आणि १२० मिनिटांचा कार्यक्रम सुमारे १२५ मिनिटांचा होतो. मेनूही नव्याने रेंडर करावा.

ब्लू-रेवर एकाच डिस्कवर वेगवेगळे दर चालतात. मात्र मेनूतून कार्यक्रमात जाताना दर बदलला तर टीव्ही क्षणभर काळा पडू शकतो.

अडोबी एन्कोर हे डीव्हीडीचे सॉफ्टवेअर २०१२ च्या सीएस६ आवृत्तीनंतर पुढे आले नाही, आणि लग्नाचे चित्रण आता बहुधा पेनड्राइव्हवर दिले जाते. जुन्या डिस्क जपताना नुसती एमपी४ फाइल काढली तर मेनू नाहीसा होतो. म्हणून पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा काढून ठेवावी आणि रूपांतर करायचेच असेल तर मूळचा २५ चा दर तसाच राखावा.