संदर्भसूचीत शिरलेली तारीख

जर्मन प्रबंधाच्या शेवटच्या पानांवर अशी नोंद हमखास सापडते: संस्थेचे नाव, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचा पत्ता, मग ‘श्टांड: १४.०३.२०१२’ आणि सर्वांत शेवटी ‘आबगेरूफेन आम ०५.०४.२०१३’. प्रबंध इंग्रजीत न्यायचा ठरला की मजकुरावर महिनेच्या महिने खर्च होतात आणि सूची एका संध्याकाळी उरकली जाते. या दोन तारखांपैकी एक गाळून दुसरीला ‘ॲक्सेस्ड’ लावले की काम झाले, असे समजणारे बरेच. त्यातच तारीख आहे तशी उचलली, तर अमेरिकन वाचक ५ एप्रिलचा ४ मे करून घेतो.

या तारखा मुळात वेगवेगळ्या मालकांच्या आहेत. पहिली पानाची: त्यातली माहिती कोणत्या दिवसापर्यंतची, हे सांगणारी. दुसरी वाचकाची: त्याने ते पान कधी उघडले, हे सांगणारी. छापील पुस्तकांच्या काळात ही दुसरी तारीख सूचीत नव्हतीच. एखादा ग्रंथ तुम्ही आषाढात वाचलात की मार्गशीर्षात, याच्याशी सूचीला काही देणेघेणे नव्हते. गाव, साल, आवृत्ती दिली की पुरे, कारण त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या.

त्या काळातले अनुवादाचे काम तुलनेने सोपे होते. साल छापलेले नसेल तर जर्मनीत ‘ओ. योट.’ म्हणजे ‘ओने यार’ लिहीत, इंग्रजीत ‘एन. डी.’. जर्मन ‘एबेंडा’ला लॅटिनमधून आलेले ‘इबिड’ होते, मराठी प्रबंधांत ‘तत्रैव’ आहे. पुण्याशी थेट नाते असलेले एक उदाहरण इथे द्यायलाच हवे. प्रागच्या जर्मन विद्यापीठातले मॉरित्स विंटरनित्स यांनी भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमध्ये लिहिला. त्याचा पहिला खंड इंग्रजीत आणला शीलवती केतकरांनी. त्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी, पूर्वाश्रमीच्या एडिथ कोह्न. कलकत्ता विद्यापीठाने तो १९२७ साली छापला. १९३३ सालच्या दुसऱ्या खंडावर त्यांच्यासोबत एच. कोह्न हेही नाव आहे. या ग्रंथात तळटीपांचे रान माजलेले आहे. पण जर्मन प्राच्यविद्या परिषदेच्या नियतकालिकाची ‘झेड डी एम जी’ ही आद्याक्षरे इंग्रजीतही तशीच राहिली आणि ते बरोबरच झाले. ग्रंथालयात जाऊन मागायचे ते त्याच नावाने.

‘श्टांड’चे कूळ मात्र वेगळे. छापील असूनही बदलत राहणारा मजकूर वेबच्या कितीतरी आधी जर्मन वकिलांच्या टेबलावर होता. हाइनरिश शेनफेल्डर यांचा कायदेसंग्रह १९३१ साली आला आणि १९३५ पासून सुट्या पानांच्या रूपात निघू लागला. जाडजूड लाल बाइंडर. कायदा बदलला की प्रकाशकाकडून नव्या पानांचा गठ्ठा येणार, जुनी पाने काढायची, नवी अडकवायची. (शेनफेल्डर नाझी पक्षाचे, म्हणून २०२१ मध्ये संग्रहाचे नावच बदलले.) अशा ग्रंथाची ‘आवृत्ती’ कोणती सांगणार? तेव्हा पाने अमुक तारखेपर्यंतची आहेत, एवढेच सांगायचे. त्यालाच ‘श्टांड’ म्हणतात. सरकारी पत्रके, रेल्वेची वेळापत्रके, दरपत्रके यांच्यावरही तो असतो. संकेतस्थळे आली तेव्हा जर्मन कार्यालयांनी पानाच्या तळाशी तोच शब्द ठेवला. इंग्रजीत त्याला ‘ॲज ऑफ’ किंवा ‘लास्ट अपडेटेड’ म्हणता येते, ‘ॲक्सेस्ड’ कधीच नाही. खरी पंचाईत अशी की काही जर्मन विद्यार्थीच स्वतःच्या भेटीची तारीख ‘श्टांड’ म्हणून टाकतात. तेव्हा पान उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते पान बहुधा नाहीसे झालेले असते.

दुसऱ्या तारखेच्या ‘आबगेरूफेन’मधला ‘आबरूफ’ आला व्यापारातून. माल आधी ठरवून ठेवायचा आणि लागेल तसा मागवायचा, या कराराला जर्मन व्यापारी ‘आउफ आबरूफ’ म्हणत आले आहेत. जर्मन टपाल खात्याने बिल्डशिर्मटेक्स्ट नावाची सेवा १९८० मध्ये बर्लिन आणि ड्युसेलडॉर्फला चाचणीसाठी आणि १९८३ मध्ये देशभर सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून टीव्हीच्या पडद्यावर पाने यायची. ही पानेही लागतील तशी मागवायची, म्हणजे ‘आबरूफेन’. म्हणजे वेब घरोघरी पोचायच्या आधीच शब्द तयार होता. इंग्रजी ‘रिट्रीव्ह्ड’ आला तो ‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’मधून, आणि हा जोडशब्द केल्व्हिन मूअर्स यांनी १९५० च्या सुमारास रूढ केला. व्यापाऱ्याचा शब्द आणि संगणकशास्त्रज्ञाचा शब्द सूचीत एकाच जागी येऊन बसले. ‘त्सुग्रिफ’ तिसरा: झडप, हात घालणे, पोलिसांच्या धाडीच्या बातमीतही हाच शब्द भेटतो. संगणकाच्या स्मृतीत हात घालण्यासाठी तो वापरात आला आणि तिथून सूचीत.

वेब १९९३ मध्ये सर्न संस्थेने सर्वांना मोकळे केले. जर्मनीच्या संदर्भलेखनाचे तेव्हाचे मानक, डिन १५०५ चा दुसरा भाग, मात्र १९८४ सालचा. त्यात वेब असणार कुठून? इलेक्ट्रॉनिक साधनांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये निघाले. त्यात वाचकाची तारीख चौकटी कंसात, ‘साइटेड’ या शब्दासह होती. म्हणजे इंग्रजीतही एकमत नव्हतेच. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २००१ च्या नियमपुस्तकात ‘रिट्रीव्ह्ड’ आणि तारीख मागितली. पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलणारा असेल तरच द्या, असे ठरवले. आधुनिक भाषा संघटनेने २०१६ मध्ये ती ऐच्छिक केली. जर्मन विद्यापीठांच्या मार्गदर्शिका मात्र ती अजून सर्रास मागतात. इंग्रजीत नेताना ती काढायची की ठेवायची, हे अनुवादकाने नाही, प्रकाशकाने ठरवावे. माझे मत विचाराल तर ठेवावी. काढून टाकलेली तारीख पुन्हा मिळत नाही.

लेखकाचे नाव नसले की जर्मन विद्यार्थी ‘इम्प्रेसुम’, म्हणजे प्रकाशित करणाऱ्याची माहिती देणारे पान, उघडतो. ही जागा बहुतेक जर्मन संकेतस्थळांवर कायद्याने सक्तीची आहे आणि तिचा इतिहास सेन्सॉरशिपचा. १५३० च्या आउग्सबुर्गच्या राजसभेने मुद्रकाचे नाव आणि गाव छापणे बंधनकारक केले, १८७४ च्या जर्मन मुद्रण कायद्याने ती सक्ती चालू ठेवली. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने तेच केले. मराठी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावरची ‘छापून प्रसिद्ध केले’ ही ओळ तिथून आली. इम्प्रेसुममधून संस्थेचे नाव उचलायचे आणि पुढे ‘हेरआउसगेबर’चे लघुरूप ठेवायचे, ही जर्मन रीत. इंग्रजीत त्याचे डोळे मिटून ‘एड.’ केले की अख्खे मंत्रालय संपादक होऊन बसते. व्यक्ती असेल तर संपादक; संस्था असेल तर ‘पब्लिशर’ किंवा ‘इश्यूड बाय’.

आता हे काम बरेचसे आज्ञावलीवर गेले आहे. बिबलाटेक नावाच्या आज्ञासंचात वाचकाच्या तारखेला स्वतंत्र खण आहे. भाषा जर्मन ठेवली तर ‘बेझूख्ट आम’ छापते, इंग्रजी केली की आपोआप ‘व्हिजिटेड ऑन’, आणि अमेरिकन पद्धत निवडली तर महिना आधी, दिवस नंतर. ‘श्टांड’साठी मात्र त्यात वेगळा खण नाही. तो लोक टिपेच्या खणात हाताने टाइप करतात, आणि टिपेचा खण भाषा बदलली तरी जसाच्या तसा राहतो. इंग्रजी प्रबंधाच्या सूचीत मधेच एखादा जर्मन ‘श्टांड’ दिसतो तो यामुळे.