जुन्नरच्या लेण्यांतील ठेवी

भीमाशंकर म्हटले की सह्याद्रीच्या माथ्यावरील ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम आणि नाना फडणविसांनी बांधविलेले देवालयाचे शिखर यांचेच स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु याच नावाने ओळखला जाणारा एक लेणीसमूह जुन्नर शहराजवळ मानमोडीच्या डोंगरात असून, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने तेथे, लेखातील कालगणनेच्या ४६ व्या वर्षी, मंडप व पाण्याचे टाके दान केल्याचा लेख आजही वाचता येतो. या परिसरातील शिलालेख धर्मेतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ अभ्यासिले गेले. पण आपल्या मुलुखात पैसा दीर्घ मुदतीने गुंतविण्याची जी पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी रूढ होती, तिचे दप्तरही तेच आहेत, याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच वेधले गेले आहे.

कोकणच्या बंदरांतून नाणेघाटाने चढून येणारा माल जुन्नरमार्गे पैठणकडे जाई, आणि या वाहतुकीवर पोसलेल्या कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे व्यवसायसंघ, इतक्या संपन्न होत्या, की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच्या खर्चाने सात खोल्यांचे लेणे व टाके खोदवून दिले. अशा संस्थांवर लोकांचा विश्वास बसावा यात नवल नाही. अदुथुम नावाच्या शक उपासकाने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी व नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी लावून देताना ती व्यवस्था कोणाचिक येथील श्रेणीकडे सोपविली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या, अशा दोन निरनिराळ्या श्रेणींकडे ठेव असल्याची नोंद आहे.

या व्यवहाराचा हिशेब मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत अधिक स्पष्ट आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची (कार्षापण हे तेव्हाचे नाणे) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, केली, आणि ती एके ठिकाणी न ठेवता गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी स्पष्ट अट घातली. दोन हजारांवर महिना वीस, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण येतात. आणि वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, हा खर्चही नेमका २४० च होतो. गरज किती, तिच्यासाठी उत्पन्न किती आणि त्या उत्पन्नासाठी मुद्दल किती, हा विचार ज्या क्रमाने व्हावयास हवा त्याच क्रमाने येथे झालेला दिसतो. हा सर्व ठराव निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला. आणि माझ्या मते त्या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट ही जाहीर नोंदच होय.

या पद्धतीची आजच्या गुंतवणुकीशी तुलना करावीशी वाटते; अर्थात श्रेणीकडील ठेव आणि आजचा समभाग ही एक वस्तू नव्हे. श्रेणीने ठरलेले व्याज द्यावयाचे होते, धंद्यात नफा होवो वा तोटा; समभाग घेणारा मात्र धंद्याचाच अंशतः धनी होतो, आणि नफ्याबरोबर नुकसानही त्याच्या वाट्यास येते. १८७५ साली मुंबईत समभागांच्या दलालांची संस्था स्थापन झाली, तरी समभागांचा बाजार खेड्यापाड्यांतील सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातला नव्हता. अनेकांच्या लहान रकमा एकत्र करून त्या अनेक कंपन्यांत विभागून गुंतवावयाची सोय त्याला १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टमुळे मिळाली. १९६४ साली निघालेली युनिट-६४ ही योजना मध्यमवर्गीय घरांत मुलीच्या लग्नाची व निवृत्तीनंतरच्या दिवसांची तरतूद म्हणून मान्यता पावली.

तथापि त्या युनिटची किंमत योजनेने केलेल्या गुंतवणुकीच्या बाजारमूल्याशी जोडलेली नसून संस्था स्वतः ठरवून जाहीर करीत असे. आत किती मालमत्ता आहे हे युनिटधारकाला कळण्याचा मार्ग नव्हता. २००१ च्या जुलैत युनिटांची विक्री व पुनर्खरेदी थांबवावी लागली तेव्हा, निगमसभेपुढे ठराव मांडणाऱ्या उषवदाताला जे कळले होते ते आपण किती विसरलो होतो, याची प्रचीती असंख्य कुटुंबांना आली. आज अशाच रीतीने रकमा एकत्र करणाऱ्या म्युच्युअल फंडाला प्रत्येक कामकाजाच्या दिवशी युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य प्रसिद्ध करावे लागते, खर्चाचे प्रमाण उघड करावे लागते, आणि कोणत्या कंपन्यांत किती रक्कम आहे हेही ठरावीक काळाने सांगावे लागते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून महिन्याला थोडी रक्कम फंडात टाकणाऱ्या शेतकऱ्याने या तीन नोंदी अवश्य पाहाव्यात.

अक्षय म्हणविणाऱ्या त्या ठेवी श्रेणींबरोबरच नाहीशा झाल्या. ज्या श्रेणीने पैसा घ्यावयाचा तिनेच तो वापरावयाचा व राखावयाचाही, अशी ती रचना असल्याने श्रेणी मोडली की मुद्दलास वाली उरत नसे. म्युच्युअल फंडांसाठी मात्र सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या १९९६ च्या नियमांनी गुंतवणुकीचे निर्णय घेणारी कंपनी, मालमत्तेवर देखरेख करणारे विश्वस्त आणि रोखे प्रत्यक्ष सांभाळणारा अभिरक्षक अशी तीन कामे वेगळी केली. समभागांचे भाव पडले तर नुकसान युनिटधारकाचेच, पण व्यवस्थापन करणारी कंपनी बुडाली म्हणून तिचे धनको फंडातील रोख्यांवर हक्क सांगू शकत नाहीत.